हवेवर तोललेला बाहू

ध्वनिमुद्रिकेच्या इतिहासात एक विसंगती फार पूर्वीपासून चालत आलेली आहे. ज्या यंत्रावर मूळ तबकडीत चर कोरला जातो त्या यंत्राची कोरणी परिघाकडून केंद्राकडे मळसूत्राच्या आधाराने अगदी सरळ रेषेत सरकत जाते. परंतु तीच तबकडी घरी वाजविताना सुई एका टोकाशी खिळलेल्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला बसविलेली असल्यामुळे वर्तुळाचा एक तुकडा आक्रमीत त्याच चरातून प्रवास करते. एडिसनच्या १८७७ च्या फोनोग्राफमध्ये ही विसंगती नव्हती, कारण तेथे नळकांडे व सुई यांचा परस्परसंबंध मळसूत्राने नियंत्रित केलेला होता. एमिल बर्लिनर याने १८८७ मध्ये ग्रामोफोनचा पाया घातला तेव्हा चरानेच सुईला ओढून न्यावे अशी तजवीज केली, आणि त्या एका युक्तीने यंत्र इतके सोपे व स्वस्त झाले की पुढे वक्रमार्गाची त्रुटी जगाने जवळजवळ शतकभर निमूटपणे सोसली. सरळ रेषेत सरकणारा, हवेच्या पातळ थरावर तरंगणारा टोनआर्म, म्हणजे सुईचा बाहू, हा त्या त्रुटीवर शोधलेला उपाय. तो कितपत सफल झाला, त्याची मांडणी कशी करावी लागते, आणि त्याच्या अंगी हौशी लोक ज्या सुधारणा करू पाहतात त्यांपैकी कोणत्या खरोखर उपयोगाच्या, या साऱ्या प्रश्नांचा एकत्र विचार मराठीत सहसा झालेला नाही; तो येथे करावयाचा आहे.

प्रथम त्रुटीचे माप घेतले पाहिजे, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. कीलकावर फिरणाऱ्या बाहूची भूमिती १९२४ मध्ये इंग्लंडात पर्सी विल्सन याने प्रथम पद्धतशीर मांडली. १९३८ मध्ये स्वीडनच्या एरिक लोफग्रेन याने आणि १९४१ मध्ये बेअरवाल्ड याने तिला गणिताची पक्की बैठक दिली, व १९६६ मध्ये स्टीव्हनसन याने तिचा पुन्हा एकवार विचार केला. या सर्वांच्या विवेचनाचे सार असे की, दांडीच्या टोकाशी कार्ट्रिज, म्हणजे सुई धारण करणारी पेटी, सुमारे चोवीस अंशांनी आत वळवून बसविले आणि सुई केंद्रखुंटीच्या थोडी पलीकडे पोहोचेल अशी लांबी राखली, तर तबकडीवरील दोन त्रिज्यांवर सुई चराशी तंतोतंत स्पर्शरेषेत येते. बेअरवाल्डच्या मांडणीत या त्रिज्या ६६ आणि १२०.९ मिलिमीटर आहेत. इतरत्र कोनाची चूक राहतेच. २३० मिलिमीटर लांबीच्या बाहूत ती अगदी बाहेरच्या चरावर सुमारे १.९ अंश, दोन शून्यस्थानांच्या मध्ये सुमारे १.१ अंश व अगदी आतल्या चरावर सुमारे ०.८ अंश इतकी भरते. आकडे लहान दिसतात. परंतु त्यांतून उद्भवणारी विकृती चुकीच्या कोनाला सुईखालून सरकणाऱ्या चराच्या वेगाने भागल्यावर ठरते, आणि तो वेग बाहेर सेकंदाला ५१० मिलिमीटर असताना आत अवघा २१० मिलिमीटर उरतो. यास्तव आतल्या चरांतील लहानशी चूकही बाहेरच्या मोठ्या चुकीइतकीच जाच करते.

आपल्या संगीताच्या श्रोत्याला ही गोष्ट विशेष खुपावी असे एक कारण आहे. दमदमच्या कारखान्यातून निघालेल्या लाँग प्ले तबकड्यांवर ख्यालगायनाची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांची असे. बाहेरच्या, प्रशस्त चरांवर विलंबिताचा संथ आरंभ कोरला जाई, आणि गायक द्रुतात येऊन तानांची बरसात करू लागे तोपर्यंत सुई तबकडीच्या सर्वांत अरुंद व सर्वांत मंदगती भागात येऊन पोहोचलेली असे. म्हणजे ज्या क्षणी कंठाचे सारे तेज एकवटते, त्याच क्षणी यंत्राची क्षमता सर्वांत क्षीण. आकाराच्या तानेतील स्वर एकमेकांत मिसळल्यासारखे ऐकू येणे, तार षड्जावर किंचित खरखर येणे, या तक्रारींचे खापर आपण पुष्कळदा जुन्या ध्वनिमुद्रणावर फोडतो. त्यांतील काही हिस्सा बाहूच्या पदरी घालावा लागेल.

दुसरा दोष कार्ट्रिज आत वळविण्यातूनच उत्पन्न होतो. चराचे घर्षण सुईला पुढे ओढते, परंतु ती ओढ कीलकाच्या रेषेत नसल्यामुळे तिचा एक अंश बाहूला केंद्राकडे ढकलतो. हा जोर सुईवरील भाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो, आणि चरातील नाद जसा दाट-विरळ होतो तसा तो क्षणोक्षणी बदलत असल्याने वजन, दोरा किंवा स्प्रिंग लावून त्याचा पुरता बंदोबस्त कधीच होत नाही. सुई चराच्या एका भिंतीवर अधिक रेलते, दोन्ही वाहिन्यांतील समतोल बिघडतो, व वर्षानुवर्षांत सुईची एक बाजू अधिक झिजते.

सरळ रेषेत सरकणाऱ्या बाहूत हे दोन्ही दोष मुळातच संभवत नाहीत, म्हणून त्याचे आकर्षण जुने आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जेकब रॅबिनो याच्या रॅबको कंपनीने विजेच्या मोटारीने पुढे नेला जाणारा बाहू विक्रीस आणला. १९७२ मध्ये डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनने जेकब जेन्सन याच्या रेखांकनानुसार बेओग्राम ४००० हे अतिशय देखणे यंत्र काढले. या जातीच्या सर्व यंत्रांत बाहू किंचित तिरपा झाल्याची वर्दी संवेदकाला मिळते आणि मग मोटार वाहक पुढे सरकविते. अर्थात चूक घडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि प्रवास अखंड न होता अल्पशा टप्प्याटप्प्यांनी होतो. मोटार काढून टाकावी आणि सुईनेच वाहक ओढावा, असे म्हणावे तर घर्षण आडवे येते. कीलकावरच्या बाहूत सुईला २३० मिलिमीटरांची तरफ मिळते व बेअरिंगमधील घर्षण कीलकापासून एखाद-दोन मिलिमीटरांवर घडते, म्हणून ते सुईपाशी शतांशाने जाणवते. सरळ सरकणाऱ्या वाहकात अशी तरफच नसल्याने चाकांचे वा गोळ्यांचे सारे घर्षण सुईच्या नाजूक दांडीला थेट सोसावे लागते. पंचवीस मिनिटांच्या एका बाजूत तबकडी सुमारे ८३३ फेरे घेते व तेवढ्यात सुई ८६ मिलिमीटर आत जाते. म्हणजे एका फेऱ्याला जेमतेम एक दशांश मिलिमीटर. इतक्या मंद गतीत कोणतेही कोरडे बेअरिंग अडखळत, धक्के खातच चालणार. हवेचा आश्रय घेतला गेला तो या अडचणीमुळे.

या बेअरिंगची घटना थोडक्यात अशी. एक गुळगुळीत दंड आणि त्याभोवती बसणारी नळी यांच्यामध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासची पोकळी ठेवलेली असते, आणि सूक्ष्म छिद्रांतून तिच्यात दाबाखालील हवा सोडलेली असते. दंड एका बाजूला झुकला की तेथली पोकळी आक्रसते, दाब वाढतो, आणि दंड पुन्हा मध्यावर लोटला जातो. धातूचा धातूशी स्पर्श उरत नाही, व लांबीच्या दिशेने घर्षण मापण्याजोगे राहत नाही. अमेरिकेत फ्लोरिडातील टॅलहासी येथे एमिनंट टेक्नॉलॉजी या संस्थेचे ब्रूस थिगपेन यांनी १९८० च्या दशकात या तत्त्वावर जो ईटी-२ बाहू सिद्ध केला तो या प्रकारातील सर्वांत परिचित व हौशी मंडळींच्या हातून सर्वाधिक फेरफार झालेला नमुना होय. स्वीडनचा एअरटँजंट, पेनसिल्व्हेनियातील वॉकर प्रोसिनियमचा बाहू, स्लोव्हेनियाचा कुझ्मा एअर लाइन, डेन्मार्कचा बर्गमान, इंग्लंडचा ट्रान्स-फाय टर्मिनेटर ही त्याची भावंडे. कोणी अल्प दाबाची विपुल हवा वापरतो, कोणी उच्च दाबाची मोजकी. परंतु मांडणीचे प्रश्न सर्वत्र तेच आहेत, म्हणून येथे ईटी-२ लाच प्रमाण धरून लिहितो.

या बाहूविषयी माझे मत आरंभीच नोंदवून ठेवतो. नेहमीच्या बाहूत भूमितीचा दोष निर्मात्याच्या खाती पडतो, आणि तो ठरलेल्या मर्यादेबाहेर सहसा जात नाही. हवेवरच्या बाहूत निर्माता तो दोष शून्यावर आणण्याची केवळ शक्यता देतो, आणि ती प्रत्यक्षात उतरविण्याची सारी जबाबदारी मांडणी करणाऱ्याकडे हस्तांतरित करतो. हे विधान आकड्यांनी पडताळता येते. सुईचा सरळ मार्ग केंद्रखुंटीच्या मध्यातून न जाता तिच्या एक मिलिमीटर बाजूने गेला, तर ६० मिलिमीटरांच्या त्रिज्येवर सुमारे ०.९५ अंशाची चूक उद्भवते. वर सांगितलेल्या साध्या, परंतु नीट बसविलेल्या बाहूची त्याच ठिकाणची चूक ०.८ अंश होती. एका मिलिमीटरच्या निष्काळजीपणाने इतका खटाटोप ज्या आतल्या चरांसाठी केला तेथेच हा बाहू नेहमीच्या बाहूच्या मागे पडतो.

तेव्हा पहिले काम रेषेचे. बाहूसोबत मिळणाऱ्या किंवा स्वतः धातूच्या पट्टीवर कोरून घेतलेल्या मापपट्टीचे एक टोक केंद्रखुंटीत अडकवावे, तिच्यावर त्रिज्येची बारीक रेघ असावी, आणि सुई बाहेरच्या टोकाला त्या रेघेवर टेकवून मग आतल्या टोकाला न्यावी. दोन्ही ठिकाणी रेघेवर पडली तर मार्ग त्रिज्येवर आहे. दोन्हीकडे एकाच बाजूला सारखीच सरकलेली दिसली तर कार्ट्रिज पुढे-मागे करावे. एकीकडे बरोबर व दुसरीकडे चुकीची दिसली तर बाहूचा सारा खांबच किंचित फिरवावा लागेल. हे दोन दोष निरनिराळे आहेत, आणि एकाची दुरुस्ती दुसऱ्याने करू पाहणारा मनुष्य संध्याकाळभर गोल फिरत राहतो. त्यानंतर कार्ट्रिजची पेटी न पाहता सुईची दांडी भिंगातून पाहावी व ती मार्गाशी काटकोनात आहे याची खातरी करून घ्यावी. पुष्कळ चांगल्या कार्ट्रिजांतही दांडी पेटीशी समांतर नसते.

दुसरे काम पातळीचे, आणि येथे हा बाहू कोणाचाही मुलाहिजा ठेवीत नाही. ज्या बेअरिंगला घर्षण नाही त्याला उतार सहन होत नाही. सरकणाऱ्या भागाचे वजन कार्ट्रिजसह ३६ ग्रॅम धरले आणि ३०० मिलिमीटरांत एक मिलिमीटर इतका उतार राहिला, तर गुरुत्वाकर्षणाचा ०.१२ ग्रॅम जोर सुईला सतत एका बाजूला ओढत राहतो. सुईवर १.८ ग्रॅम भार असेल तर नेहमीच्या बाहूतील आतला ओढा सुमारे ०.१८ ग्रॅम, म्हणजे ज्या दोषातून सुटका करून घेण्यासाठी हवेचा पंप घरात आणला त्याचा दोनतृतीयांश भाग एका मिलिमीटरच्या उताराने परत येतो. गवंड्याची पाणसळ येथे केवळ प्रारंभापुरती उपयोगी. प्रथम यंत्राचे ताट तिने सपाट करून घ्यावे, मग बाहूचा दंड ताटाशी समांतर करावा, आणि अखेरची परीक्षा बाहूकडूनच घ्यावी: हवा सुरू करून, सुईवरचा भार काढून बाहू अधांतरी समतोल करावा, आणि मार्गाच्या मध्यावर सोडून द्यावा. तो आपण होऊन कोठेही जाता कामा नये. बाहेरच्या टोकाला, मध्यावर आणि आतल्या टोकाला अशी तीनदा परीक्षा घ्यावी. तिन्ही ठिकाणी तो एकाच दिशेने निघाला तर उतार आहे; बाहेर एका दिशेने व आत विरुद्ध दिशेने निघाला तर दोष पातळीचा नसून तारांचा आहे.

तारांविषयी अंमळ विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण या बाहूच्या सुधारणांत सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक सुधारणा तीच आहे असे माझे मत आहे. कार्ट्रिजपासून निघणाऱ्या चार सूक्ष्म तारा बाहूबरोबर ८६ मिलिमीटर प्रवास करतात, आणि कितीही बारीक असल्या तरी त्या स्प्रिंगसारख्याच वागतात. नेहमीच्या बाहूत त्या कीलकाच्या मध्यातून बाहेर पडत असल्याने त्यांचा ताण नगण्य. येथे मात्र तो सुईला थेट पोहोचतो. तारांना वाहकाजवळ प्रशस्त, सैल वळसा द्यावा; मार्गाच्या मध्यावर तो वळसा विश्रांत असावा, म्हणजे दोन्ही टोकांकडे उद्भवणारा ताण समान व अल्प राहील; वेणी घातलेल्या किंवा कापडी वेष्टणातल्या तारांपेक्षा सुट्या, रेशमासारख्या मऊ तारा निवडाव्यात. कित्येक जण बाहूपासून थेट प्रवर्धकापर्यंत एकच अखंड तार नेतात व मधले सांधे वगळतात. विजेच्या दृष्टीने त्यात लाभ असेल. परंतु त्या हव्यासात जाड तार वापरली गेली तर यांत्रिक तोटा त्याहून मोठा होतो. तारांचा ताण बाहूला मुद्दाम किंचित उतार देऊन मारण्याची युक्तीही सांगितली जाते. ती मला मान्य नाही; स्प्रिंगचा जोर जागेनुसार बदलतो, उताराचा जोर बदलत नाही, सबब एकाने दुसऱ्याचा हिशेब चुकता होणे अशक्य आहे.

आता या बाहूवरील सर्वांत गंभीर आक्षेपाकडे वळतो. उभ्या दिशेने बाहूचा दंड नळीत केवळ फिरतो, त्यामुळे त्या दिशेचे परिणामी वजन दहा ग्रॅमहूनही कमी असते. आडव्या दिशेने मात्र दंड, दांडी, प्रतिभार, कार्ट्रिज असा सारा संसार सुईला ओढावा लागतो, आणि ते वजन तीस-पस्तीस ग्रॅमांवर जाते. बाहूचे वजन व सुईची लवचिकता यांच्या संयोगातून एक नैसर्गिक अनुनाद ठरतो. वजन ग्रॅममध्ये आणि लवचिकता रूढ एककात घेऊन त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागले असता त्याची वारंवारता हर्ट्झमध्ये मिळते. सहा ग्रॅमांचे, पंधरा एकक लवचिकतेचे कार्ट्रिज घेतले, आणि बाहूचे उभे वजन सात व आडवे तीस ग्रॅम धरले, तर उभा अनुनाद सुमारे ११.४ हर्ट्झवर व आडवा सुमारे ६.८ हर्ट्झवर येतो. पहिला आकडा आदर्श मानल्या जाणाऱ्या आठ ते बारा हर्ट्झच्या मर्यादेत बसतो, दुसरा तिच्या खाली जातो. आक्षेपक म्हणतात की, ज्या तबकडीचे छिद्र नेमके मध्यावर नाही ती वाजविताना एवढे जड ओझे हेलकावत नेणाऱ्या सुईची दांडी वाकेल आणि कालांतराने तुटेल.

आक्षेप खरा आहे, परंतु त्याचे वजन करून पाहिले पाहिजे. छिद्र अर्धा मिलिमीटर सरकलेले आहे असे धरू. लाँग प्ले तबकडीच्या गतीने हा हेलकावा सेकंदाला अर्ध्या वेळेहून थोडा अधिक येतो. ३६ ग्रॅमांना तेवढा हेलकावा देण्यास लागणारा कमाल जोर हिशेबाने ०.०२२ ग्रॅम भरतो, आणि त्याने सुईची दांडी तीन-साडेतीन मायक्रॉन कलते. वर पाहिलेल्या एका मिलिमीटरच्या उताराचा जोर याच्या पाचपट होता. म्हणजे आडव्या वजनाची धास्ती घेणाऱ्याने प्रथम पाणसळ हाती घ्यावी. उलटपक्षी स्टीरिओ तबकडीत खोल मंद्र नाद बहुतांशी आडव्या दिशेनेच कोरलेला असतो, आणि आडवा अनुनाद खाली गेल्याने त्या नादासाठी सुईला अधिक स्थिर आधार मिळतो. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा या बाहूवर जो भरीव येतो त्याचे कारण हेच असावे असे मला वाटते.

तथापि अनुनाद ज्या ठिकाणी येतो तेथे तो तीव्र होऊ न देणे इष्ट, आणि थिगपेन यांच्या रचनेतील खरे चातुर्य या ठिकाणी दिसते. त्यांनी प्रतिभार दांडीला घट्ट न जोडता एका पातळ पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवर बसविला. ही पट्टी उभ्या दिशेने ताठ व आडव्या दिशेने लवचिक आहे. त्यामुळे आडव्या हालचालीत प्रतिभार काही मर्यादेपलीकडे दांडीपासून सुटा होतो, एका उंच शिखराऐवजी दोन ठेंगणी शिखरे उद्भवतात, आणि अनुनादाचा उपद्रव विभागला जातो. पट्टीची जाडी कार्ट्रिजच्या लवचिकतेनुसार बदलावी लागते. मऊ दांडीच्या कार्ट्रिजला पातळ पट्टी, ताठ दांडीच्या कार्ट्रिजला जाड. पुष्कळ हौशी लोक ही पट्टी बांधून ताठ करतात आणि नाद अधिक घट्ट झाल्याचे सांगतात. त्यांच्या कानांवर अविश्वास दाखविण्याचे मला कारण नाही, परंतु पट्टी बांधण्यापूर्वी चाचणीच्या तबकडीने दोन्ही दिशांचे अनुनाद तपासून घ्यावेत, आणि तबकडी वाजत असता वूफरचा पडदा निष्कारण पुढे-मागे धापा टाकीत नाही ना हे पाहावे.

प्रतिभाराच्या निवडीत जो लाभ दडलेला आहे तो फुकटचा असून त्याकडे दुर्लक्ष होते. समजा समतोलासाठी प्रतिभाराच्या बाजूला १२० ग्रॅम-सेंटिमीटर इतके बलाघूर्ण पाहिजे. ते सहा सेंटिमीटरवर २० ग्रॅम ठेवून मिळते, तसेच दहा सेंटिमीटरवर १२ ग्रॅम ठेवूनही मिळते. दुसऱ्या रीतीने आडवे वजन आठ ग्रॅमांनी घटते. उभ्या दिशेचे जडत्व मात्र अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ७२० वरून १२०० वर जाते. आडवे कमी, उभे अधिक, म्हणजे दोन्ही अनुनाद एकमेकांच्या जवळ येतात. ईटी-२ सारख्या विषम बाहूत बहुधा तेच हवे असते. म्हणून थोडे वजन लांब ठेवावे हा नियम येथे स्वीकारण्याजोगा आहे. अतिशय मऊ कार्ट्रिज असेल आणि तबकड्या वाकलेल्या असतील तर मात्र उभा अनुनाद फार खाली उतरणार नाही इतके पाहावे. सिलिकोन तेलाच्या पन्हळीत पाते बुडवून केलेले अवमंदनही अनुनाद सौम्य करण्याच्या कामी येते. पाते जितके कमी बुडवून काम भागेल तितके बरे, कारण घट्ट तेल बाहूला मंद करता करता संगीतही मंद करू लागते.

हवेचा कारभार मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण सुधारणेला निघालेला मनुष्य बहुधा तेथूनच प्रारंभ करतो. मूळ ईटी-२ चौरस इंचाला दोन-तीन पौंड इतक्या अल्प दाबावर चालतो, आणि दाब वाढविला की बेअरिंग अधिक ताठ होते हे तत्त्वतः खरे आहे. परंतु छिद्रांचा व्यास आणि पोकळीची रुंदी ज्या दाबासाठी ठरविलेली असते त्याच्या फार पुढे गेल्यास हवेचा प्रवाह खळबळू लागतो, त्याचा सूक्ष्म सूत्कार दांडीत उतरतो, आणि एका मर्यादेनंतर बेअरिंग स्वतःच थरथरू लागते. निर्मात्याने अधिक दाबासाठी निराळी नळी तयार केली ती याच कारणासाठी; जुन्या नळीत नुसता मोठा पंप जोडणे ही सुधारणा नव्हे. दाबापेक्षा दाबाची स्थिरता अधिक मोलाची. पडद्याचा पंप विजेच्या तालावर हवेचे ठोके पाठवितो, आणि ते ठोके सुईपर्यंत पोहोचले तर मंद्र सप्तकात त्यांचा गुंजारव ऐकू येतो. पंपानंतर एक अरुंद नळी व मग पुरेशा मोठ्या आकाराची हवेची टाकी जोडली म्हणजे ठोके विरतात. टाकीनंतर रेग्युलेटर आणि अगदी बाहूजवळ बारीक फिल्टर असावा. पंप दुसऱ्या खोलीत असावा हे सांगणे नको. तेलाचे वंगण लागणारा कारखान्यातील कॉम्प्रेसर वापरू नये, कारण तेलाचे धुके छिद्रांत साचून ती हळूहळू बुजवून टाकते.

मुंबई-कोकणात राहणाऱ्याला आणखी एका शत्रूची दखल घ्यावी लागते, आणि तो म्हणजे बाष्प. हवा दाबली की तिच्यातील बाष्पाचे प्रमाणही त्याच पटीने वाढते. अडीच पौंडांच्या अल्प दाबाने ही वाढ सुमारे १७ टक्के होते; आषाढातल्या दिवशी हवेतील सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल तर ती १०५ वर जाऊ पाहते, आणि पंपात तापलेली हवा नळीत निवताच जादा बाष्पाचे दव बनते. पंधरा पौंडांचा दाब वापरला तर हवा दुप्पट दाबली जाते, आणि पन्नास टक्क्यांहून अधिक आर्द्रतेच्या कोणत्याही दिवशी पाणी सुटणारच. पारदर्शक नळीच्या खालच्या वळणावर प्रथम धुरकटपणा दिसतो, मग बारीक थेंब, आणि एके दिवशी ते थेंब बेअरिंगमध्ये शिरून बाहू मध्येच अडखळतो. श्रोता तबकडीला दोष देतो; वस्तुतः दंडावर पाण्याची चिकट साय धरलेली असते. उपाय कठीण नाही: नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी साचण्याचा कप, त्यानंतर सिलिका जेलची कुपी, आणि दंड आठवण ठेवून मऊ कापडाने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे. दंडाला उघड्या बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये. वीज अकस्मात जाण्याची जेथे शक्यता आहे तेथे टाकी मोठी असणे दुहेरी उपकारक आहे, कारण हवा तुटताच बाहू जागच्या जागी बसतो, चर मात्र सुईला आत ओढीतच राहतो. टाकीतील साठा सुई उचलण्याइतका अवधी देतो.

यंत्र कोणते असावे याचे उत्तर थोडक्यात देता येते. सरकणाऱ्या बाहूचे वजन तबकडीच्या बाहेरच्या कडेपासून केंद्राकडे जात असल्याने स्प्रिंगांवर लोंबणाऱ्या यंत्राची पातळी वाजवितानाच बदलते. म्हणून जड, न हलणारे यंत्र आणि भिंतीत पक्की बसविलेली फळी हीच या बाहूची योग्य जागा. लाकडी जमिनीवरील घरांत ही अट अधिक कडक समजावी. दांडीच्या नळीसाठी अॅल्युमिनियम, कार्बन तंतू वा मॅग्नेशियम यांपैकी काय निवडावे यावर मोठे वाद होतात; माझ्या मते रेषा, पातळी, तारा व प्रतिभार यांचा निकाल लागण्यापूर्वी त्या वादात पडण्यात हशील नाही.

एक प्रश्न उरतो, आणि तो महाराष्ट्रातील संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. नाट्यसंगीताचा व जुन्या ख्यालगायकीचा अमोल ठेवा ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. तो उतरवून घेण्यास हा बाहू वापरावा काय? गती वाढल्याने हेलकाव्याचा जोर तिच्या वर्गाने वाढतो. त्याच अर्ध्या मिलिमीटरच्या दोषाने सुईवर आता ०.१२ ग्रॅम जोर येतो आणि पंधरा एककांची मऊ दांडी अठरा मायक्रॉनपर्यंत कलते. येथे मात्र आक्षेपकांची कैफियत मान्य करावी लागते. परंतु या तबकड्यांसाठी रुंद टोकाची सुई व अधिक भार लागतोच, आणि तिच्यासोबत ताठ दांडीचे कार्ट्रिज घेतले तर हे कलणे त्या प्रमाणात घटते. शिवाय आतल्या चरांतील झिजलेल्या भिंतींवर स्पर्शरेषेत उभी राहणारी सुई जे वाचू शकते ते तिरपी सुई वाचू शकत नाही. छिद्राचा दोष तबकडी केंद्रात आणून दूर करावा. ज्या यंत्राची केंद्रखुंटी काढून ठेवता येते त्यावर तबकडी मोकळी ठेवावी, सुई चरावर टेकवून बाहूचा डावा-उजवा हेलकावा एखाद्या स्थिर रेघेच्या संदर्भाने पाहावा, आणि तो जवळजवळ नाहीसा होईपर्यंत तबकडी बोटाने केसभर सरकवीत राहावे. खुंटी नसताना बाहूची रेषा पडताळण्यासाठी ताटाचा मध्य दर्शविणारी खूण अगोदरच करून ठेवलेली असावी.